मंगळावर काटा बंद आहे

लोडशेडिंगचे उपकार मानणारी बाई आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधली तर मी एकटीच सापडेन. त्या वर्षांचं नाव काढलं की आमच्याकडची माणसं आजही आधी कापसाला शिव्या घालतात, मग विजेला, आणि मग दोन्ही मिळून सरकारला. मी घालत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त हसलेला हिवाळा मला त्या दोघांनीच दिला, न विकल्या गेलेल्या कापसानं आणि नसलेल्या विजेनं. तिसरा वाटा एका व्हिडिओ गेमचा. त्यात जड चिलखत आणि डोक्यावर टोप घातलेले शिपाई कुठल्याशा तांबड्या ग्रहावर एकमेकांना गोळ्या घालत. आम्ही त्यांच्या बंदुका त्यांच्या हातात राहू दिल्या, गोळ्या बंद केल्या आणि त्यांना वऱ्हाडी बोलायला लावलं.

आमचं घर मारेगावात, भाड्याचं. बाबा तहसील कचेरीत कारकून. आजोबाही कचेरीतच होते, त्यामुळे घरात सगळं कचेरीसारखं: जेवण वेळेवर, बोलणं हळू, आणि हसायचं ते तोंडावर पदर किंवा पेपर धरून. त्या घराच्या पुढच्या खोलीत दादानं कॉम्प्युटर क्लास काढला होता. दोन धड कॉम्प्युटर, एक अधूनमधून मनात आलं तर चालणारा, आणि एक इन्व्हर्टर, जो लाइट गेली की टिटवीसारखा ओरडायचा. त्याचा आवाज ऐकला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘गेली बाई!’ जणू काही गल्लीतलं कोणी वारलं. मग फोडणीचा चर्र आवाज, बाबांच्या ट्रान्झिस्टरची खरखर, शेजारच्या चक्कीचा पट्टा हळूहळू थांबत गेल्याचा आवाज, आणि शेवटी सगळीकडे शांत. आज घरात एवढी यंत्रं आहेत की ती शांतता कशी असायची हे माझ्या भाचीला सांगूनही पटत नाही.

संध्याकाळी मुलं घरी गेली की दादा दोन्ही कॉम्प्युटर वायरनं जोडायचा आणि आम्ही तो गेम खेळायचो. खेळायचो म्हणजे दादा मला मारायचा. एकदा मी वैतागून माझ्या शिपायाला भिंतीशी उभं केलं आणि नुसती माउस वरखाली करत बसले. शिपाई मान डोलवायला लागला. तोंड नाही, डोळे नाहीत, टोपाची नुसती चकचकीत काच, पण मान अशी हलवत होता की तहसीलदारासमोर उभा राहिलेला आमचा बापच! दादाला हसू फुटलं. तो त्या शिपायाच्या वतीनं बोलायला लागला, ‘हो साहेब, नाही साहेब, फाइल वरच्या टेबलावर आहे साहेब.’ आतून बाबा खाकरले. पण आमच्या ध्यानात आलं ते आलंच. ज्याची मान हलते, तो बोलतो. बस, एवढंच लागतं माणसाला.

माझी कॉलेजातली मैत्रीण संगीता राठोड तेव्हा दादाच्या क्लासला यायची. मारेगावहून मुकुटबनच्या बाजूला जाताना रस्त्यापासून आत त्यांचा बंजारा तांडा. घरी गोरबोली, कॉलेजात मराठी, आणि भांडायला वऱ्हाडी. तिचा आवाज असा भरदार की मागून ऐकणाऱ्याला वाटावं ट्रॅक्टरवाला भाऊ बोलून राह्यला. कॉलेजात पोरं त्यावरून चिडवायची, आणि आम्हाला नेमका तोच आवाज पाहिजे होता. ती झाली पिवळा शिपाई, पिवळ्या. दादा झाला जांभळा, म्हणजे जांभळ्या. मी कॅमेरा, त्या लहरी तिसऱ्या कॉम्प्युटरवर. माझा शिपाई पडद्यावर कधीच दिसला नाही, कारण त्याचे डोळे म्हणजेच चित्र. तो दूर टेकडीवर उभा राहून या दोघांकडे बघत असायचा. गोष्टीही मीच लिहायची.

गोष्ट साधी होती. पिवळ्या आणि जांभळ्या पृथ्वीवरून मंगळावर गाडीभर हवा विकायला आले आहेत. तिथे हवा खरेदी केंद्र आहे. केंद्रापुढे विमानांची रांग लागली आहे, आणि वजनाचा काटा बंद आहे. कधी काट्याचा माणूस जेवायला गेलेला, कधी पोत्यांचा बारदाना संपलेला, कधी वरून आदेश आलेला नाही. एखाद्या भागात काटा उघडतो, तर आतला साहेब पोत्यात हात घालून, हवा चिमटीत धरून म्हणतो, ‘ओली आहे. वाळवून आणा.’ पिवळ्या म्हणतो, ‘साहेब, मंगळावर पाणीच नाही, तं वली कशी होईन?’ साहेब म्हणतो, ‘ते वरच्यांना विचारा.’ मग हे दोघे मंगळाच्या मातीवर हवा वाळत घालतात आणि ती उडून जाते. नाव ठेवलं ‘काटा बंद आहे’. त्या साली आमच्या गावच्या रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेलेली असे, माणसं गाडीखालीच भाकरी खात आणि गाडीखालीच झोपत. ती रांग आम्ही उचलून मंगळावर नेली, एवढीच आमची प्रतिभा.

चित्र जमलं, आवाज जमेना. घरी माइकसमोर बसलं की चक्की, मोटारसायकल, कुत्री, बाबांचं खाकरणं, सगळं मंगळावर ऐकू यायचं. लाइट गेली की गाव शांत व्हायचं, पण मग कॉम्प्युटरही शांत. संगीता म्हणाली, ‘बॅटरीवरचा टेप घ्या अन् दुपारच्या लोडशेडिंगमध्ये आमच्या घरी चला. आमच्या कापसाच्या खोलीत बोललेलं भिंतीच्या बाहेर जात नाही. याडी आतून हाका मारते तं मले ऐकूच येत नाही.’ याडी म्हणजे आई. आम्हीही त्यांना याडीच म्हणायला लागलो.

याडीला मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आमच्याच घरी. दिवाळीच्या पुढेमागे एका सकाळी त्या दारात आल्या, घागऱ्यावर काचा चमकत होत्या, हातात कापडी पिशवी. संगीता बरोबर होती, पण ती वर बघत नव्हती. आईनं पाटावर बसवलं, चहा दिला. याडीनं पिशवी आईसमोर सरकवली. ‘वहिनी, हे फवारणीचं औषध हाये. तुमच्या घरी ठेवा. माणूस बोलत नाही माह्या घरी. मले रात्रंदिवस त्या डब्याचंच भेव वाटते.’ आईनं स्टुलावर चढून ती पिशवी न्हाणीवरच्या माळ्यावर, जुन्या लोणच्याच्या बरण्यांच्या मागे ठेवली, खाली उतरली, हात साबणानं धुतले आणि याडीचा हात हातात घेतला. आम्हा दोघा भावंडांना संध्याकाळी एवढंच सांगितलं की त्या माळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. आईनं त्यानंतर कळंबला जाऊन चिंतामणीला साकडं घातलं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

न बोलणारा माणूस म्हणजे संगीताचे वडील, रामधनकाका. तांड्यात होळीला लेंगी म्हणतात. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये, आणि गाण्यातून एकमेकांची उणीदुणी. बायांनी टोमणा मारला की बाप्यांनी परतवायचा, परतवला की बायांनी पुन्हा. टोमणा खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. ज्या बाजूचं उत्तर चुकलं तिची वर्षभर थट्टा. बाप्यांच्या बाजूनं रामधनकाका आणि त्यांचे शेजारी गुलाबकाका, ही जोडी. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं बांधायचं. आजूबाजूच्या तांड्यांतून लोक यांना ऐकायला येत. मग एका पावसाळ्यात गुलाबकाकांनी वावरात फवारणीचं औषध घेतलं, आणि गेले. कोणाला काही बोलले नाहीत, सकाळी जोडीदाराबरोबर तंबाखू मळून खाल्ली होती. तेव्हापासून रामधनकाकांचा आवाज गेला. वावरात जायचे, काम करायचे, जेवायचे. पण विचारलं तर ‘हूं’, नाही विचारलं तर तेवढंही नाही. त्यानंतरच्या होळीला तांड्यात लेंगी झालीच नाही.

हे सगळं ठाऊक असताना त्यांच्या घरी जाऊन विनोदी नाटक करायचं म्हणजे मला धाकधूकच होती. पण याडीनं दारातच ‘आव, बेस’ करून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात पुढे केली, आणि शेंगा सोलणाऱ्या माणसाला संकोच करायला हात मोकळे राहत नाहीत. वर गुळाचा काळा चहा. आमच्या घरी गोळाभात आणि कढी म्हणजे चैन. इथे ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि ठेचा, असा की कानातून वाफ निघावी. दादाला ठसका लागला की याडी पाणी न देता आधी पोटभर हसून घ्यायची.

कापसाची खोली म्हणजे खरं तर त्यांची राहायची मोठी खोली. भाव येईल म्हणून कापूस घरातच ठेवलेला, तुळईपर्यंत चढवलेला, आणि माणसं ओसरीत झोपायची. आत शिरायला दारापाशी तेवढी पोकळ जागा. तिथे आम्ही तिघं गुडघे जुळवून बसायचो, मागे, वर, दोन्ही बाजूंनी पांढरा ढीग. बोललं की शब्द ओठापाशीच संपायचा. खिडकीही कापसानं बुजलेली, म्हणून भरदुपारी काळोख. कंदील नाही, मेणबत्ती नाही, काडेपेटी तर खिशातसुद्धा नाही; कापसाला ठिणगी म्हणजे सगळंच संपलं. टॉर्चचे सेल टेपला लागायचे. मग काय, संवाद पाठ करायचे आणि अंधारात बोलायचे. आणि खाज! बाप्पा बाप्पा, त्या खाजेचं काय सांगू. कापसातली ती किडी अंगाला लागली की मान, पाठ, पोटऱ्या, सगळीकडे आग. पिवळ्या-जांभळ्याच्या पहिल्या भागांत दोघं मध्येच श्वास ओढून ‘स्स्स’ करतात. पुढे पुण्यातल्या कोणीतरी लिहिलं होतं की मंगळावरच्या थंडीचा अभिनय फार उत्तम केला आहे. कसली थंडी आणि कसला अभिनय!

रामधनकाका खोलीच्या दाराबाहेर खाटेवर बसलेले असत. ते आमच्यासाठी नव्हे, कापसासाठी. कोणी विडी ओढत आत जाऊ नये म्हणून घरातलं एक माणूस दाराशी पाहिजेच. आमच्या येण्याजाण्याकडे ते बघत, पण त्या बघण्यात आम्ही नसायचो. अंगणात याडी सुपानं तूर पाखडत असे. तो सुपाचा सपसप आवाज दारातून थोडा आत यायचा, पण आम्ही चालवून घेतला, म्हटलं मंगळावर वारा असतोच.

त्या दुपारी भांडणाचा प्रसंग होता. रांगेत उभं राहून कंटाळलेले दोघं एकमेकांवर घसरतात. संगीतानं आपला दणदणीत आवाज लावला, ‘काबे जांभळ्या, एवढा मोठा टोप कायले घातला बे डोक्यावर? आत ठेवाले तं काही नाही तुह्याजवळ!’ यावर दादाचं वाक्य होतं. मीच लिहिलं होतं आणि बऱ्यापैकी होतं. दादा विसरला. अंधारात कागद बघता येईना. टेप चालू, सेल खर्च होताहेत, संगीता त्याला कोपरानं ढोसतेय, आणि दादा आपला ‘अं… अं…’ करतोय. टोमणा हवेत तसाच लोंबकळत राहिला. मी टेप बंद करायला हात पुढे केला.

आणि दाराबाहेरून आवाज आला. जाडा, खरखरीत, वापरात नसलेल्या विहिरीचा रहाट ओढावा तसा. ‘तुह्या बापाची अक्कल ठेवली हाये आत. मांगं हरपली म्हून थो अजून ढुंढून राह्यला!’

संगीताचा हात माझ्या मनगटावर पडला आणि तिनं असं आवळलं की बांगडी फुटली. ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. त्यावर ते वाक्य आहे, बांगडीचा आवाज आहे, आणि नीट कान दिला तर कळतं की अंगणातलं सूप थांबलेलं आहे. त्या तांड्याचा कायदा त्या माणसाच्या हाडात होता. सगळं सुटलं होतं, पण पडलेला टोमणा उचलल्याशिवाय राहवलं नाही. आणि उचलला तोही स्वतःच्याच अंगावर घेऊन. आता उत्तर आमच्याकडे होतं. संगीता रडत होती हे तिच्या श्वासावरून कळत होतं, पण पोरगी बापाचीच. नाक ओढून तिनं पिवळ्याच्याच आवाजात ओरडून दिलं, ‘ए मांगची गाडी! तुले कोन इचारलं बे? रांगेत उभा राह्य, नंबर नको मोडू!’ बाहेर खाट करकरली. मग, ‘नंबर तुह्याच बापानं लावला, पोट्ट्या, तू शाळेत होता तवा!’ दादा कापसात तोंड खुपसून हसायला लागला. मी हसले. बाहेर सूप पुन्हा सुरू झालं, पण त्याची लय पार बिघडली होती.

अशी आमच्या मालिकेत ‘मागची गाडी’ आली. तिचा शिपाई नाही, चेहरा नाही. रांगेत पिवळ्या-जांभळ्याच्या पाठीमागे उभं असलेलं एक विमान आणि त्यातून येणारा आवाज. काका खोलीत कधी आले नाहीत. ‘मले नाही समजत तुमचं ते मंगळ-फिंगळ,’ म्हणायचे आणि खाट दाराच्या आणखी जवळ ओढायचे. त्यांच्यासाठी मी संवाद लिहिणं बंद केलं. आम्ही आतून टोमणा फेकायचा, ते परतवायचे. घरी मात्र त्यांचं अजून तसंच होतं. टेप बंद झाला की तेही बंद. याडी मला एकदा चुलीपाशी म्हणाली, ‘मंजू, तुमच्या त्या गाडीवाल्याले सांग ना, घरीही बोल म्हणा.’ हसत म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. डबा अजून आमच्या माळ्यावर होता आणि ती तो मागत नव्हती.

भाग तयार झाले की दादा यवतमाळला जाऊन सायबर कॅफेतून इंटरनेटवर चढवायचा. एक भाग चढायला दुपार जायची, आणि जवळजवळ चढला की लाइट जायची. दादा परतीच्या एसटीतून उतरला की त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं मंगळावर काय झालं ते. पण गावात सीड्या फिरायला लागल्या. कापसाच्या रांगेतले लोक पानठेल्यावरच्या टीव्हीवर बघायचे आणि एकमेकांना ‘ए मांगची गाडी’ म्हणायचे. अमेरिकेतून कोणीतरी लिहिलं, मागच्या गाडीवाले काका कोण आहेत, त्यांना नमस्कार सांगा. मी सांगितला. काका म्हणाले, ‘हूं.’ पण त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागितला.

होळीच्या आधी कापूस विकायचा ठरला. याडीनं आलेले दोन व्यापारी ‘भाव वाढन अजून’ म्हणून परस्पर वाटेला लावले होते, हे संगीतानं मला हळूच सांगितलं. भावाशी याडीला देणंघेणं नव्हतं. खोली रिकामी झाली की टेप बंद, आणि टेप बंद तर तो आवाज बंद, एवढा तिचा हिशोब. पण उन्ह तापायला लागलं होतं, किती दिवस घरात आगीचं कोठार ठेवणार? एके दिवशी ट्रक आला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर खोली कधी नव्हे ती खोलीएवढी मोठी दिसली. संगीतानं ‘काबे जांभळ्या’ म्हटलं तर चारी भिंतींतून चार पिवळ्या ओरडले. टेपवर नुसता गलबला. राखायला कापूस नाही म्हणून काकांची खाटही अंगणात गेली होती, कडुलिंबाखाली. शेवटचा भाग राहून गेला होता. आम्ही शेंगा न खाताच परतलो.

होळीला याडीनं निरोप धाडला, सगळे या. त्यांची होळी पहाटे पेटते. आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं, राख धुमसत होती आणि बाया घागरे आवरून एका बाजूला उभ्या राहिल्या होत्या. बाप्ये समोर. मध्ये मोकळी जागा. बायांनी पहिली लेंगी उचलली, याडीच पुढे होती. संगीतानं माझ्या कानात अर्थ सांगितला: औंदा पुरुषांच्या तोंडाला काय झालं, भाकर अडकली की शेंबूड? डफ थांबला. उत्तराची वेळ. बाप्ये सगळे काकांकडे बघत होते, आणि काका आपल्या डाव्या बाजूला, जिथे गुलाबकाका उभे राहायचे तिथल्या रिकाम्या जागेकडे. टोमणा पडतच चालला होता. याडीचा चेहरा मला दिसत होता. तिनं मुद्दाम फेकला होता तो, सगळं पणाला लावून, आणि आता तिलाच तो सोसवेना.

तेवढ्यात आमचा दादा, ज्यानं जन्मात कोणा वडीलधाऱ्याला ‘अहो’शिवाय हाक मारली नाही, कारकुनाचा तो सोज्वळ मुलगा, भर तांड्यासमोर ओरडला, ‘ए मांगची गाडी! हॉर्न वाजव ना बे!’

बाप्यांमध्ये खळबळ उडाली. संगीताच्या वडिलांना ‘बे’? एक दोघं पुढेही सरकले. मी मनात म्हटलं, मेला हा आज. पण काकांनी दादाकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मग त्यांनी मान वर केली आणि गायला सुरुवात केली. पहिली ओळ त्यांच्या आवाजात. दुसरी ओळ, जी गुलाबकाका बांधायचे, ती पातळ, वरच्या पट्टीत, थोडी नाकात. संगीता म्हणाली, ‘मंजू, हा गुलाबकाकाचा आवाज हाये.’ दोन माणसांचं गाणं एकटा माणूस म्हणत होता, मान इकडे वळवून एकदा आणि तिकडे वळवून एकदा, आणि डफवाला रडत डफ वाजवत होता. बायांनी पुन्हा टोमणा मारला, काकांनी पुन्हा परतवला. दुपार झाली तरी कोणी हटेना. मी आयुष्यात पुष्कळ गाणी ऐकली, तिकीट काढूनही ऐकली. त्या सकाळीएवढं मला कोणी दिलेलं नाही.

शेवटचा भाग आम्ही आमच्या घरी केला. कापूस गेला तरी गाद्या-रजया होत्याच. चैत्राच्या उकाड्यात चार माणसं आईच्या सगळ्या रजया डोक्यावरून घेऊन बसलो, आणि काका पहिल्यांदा आत, आमच्यात. घामानं आंघोळ झाली. या भागात काटा उघडतो, पिवळ्या-जांभळ्याचा नंबर लागतो, आणि पिवळ्या मागच्या गाडीला म्हणतो, तू म्हातारा झाला, तू जा पुढे. यावर काकांनी काहीतरी तिखट परतवायचं, असं मी धरून चालले होते. पण ते म्हणाले, ‘जा बे तुम्ही. मी हाये मांगं. कुठी जात नाही.’ स्वयंपाकघराच्या दारात आई आणि याडी उभ्या होत्या. मी टेप चालू ठेवला, पुढे कोणाला काही सुचेना. तो भाग तिथेच संपतो. माझी भाची परवा फोनवर बघून म्हणाली, ‘आत्या, ग्राफिक्स किती भंगार आहेत गं, आणि शेवटी विनोद पण नाही.’ खरं आहे तिचं.

पाऊस पडला, पेरण्या झाल्या, पोळ्याच्या सुमारास कपाशीवर माव्याची कीड आली. एका सकाळी दारात काका. ‘वहिनी,’ ते आईला म्हणाले, ‘फवारणी कराची हाये. माहा डबा द्या.’

त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं की काय, कोण जाणे. आई जागची हलली नाही. बाबा घरात नव्हते, दादा क्लासच्या दारात थिजला होता. काकांच्या मागे, अंगणाच्या फाटकापाशी, याडी उभी होती. तिनं नुसती मान हलवली, एकदा खाली, एकदा वर. इतके महिने आम्ही मान हलवणाऱ्या शिपायांना बोलायला लावत होतो. त्या मानेचं बोलणं आईला बरोबर ऐकू आलं. तिनं स्टूल घेतलं, माळ्यावर चढली, बरण्या बाजूला केल्या आणि पिशवी काकांच्या हातात दिली.

काकांनी डबा बाहेर काढला, फुंकून धूळ उडवली, उजेडात धरून त्यावरची तारीख बघितली, कानाशी हलवला. ‘अरे देवा. मुदत सरली याची. हे तं आता माव्यालेही मारत नाही. नवंच घ्या लागन.’ मग माळ्यावरच्या बरण्यांकडे बघून म्हणाले, ‘वहिनी, लोणच्याजवळ ठेवलं होतं व्हय? मुराले?’

टोमणा आला. आणि आमच्या घरात बाईमाणसानं परक्या पुरुषाला उलट उत्तर द्यायची रीत नव्हती. आईनं आयुष्यात दिलं नव्हतं. दादा माझ्याकडे बघतोय, मी आईकडे, याडी फाटकावरून आत डोकावतेय. आईनं पदर खोचला.

‘हो भाऊ,’ आई म्हणाली, ‘तुम्ही मुरेपर्यंत ते मुरवत ठेवलं होतं. दोघांनाही वेळ लागला. आता बसा, चहा टाकते.’

याडी फाटकापाशीच मटकन खाली बसली आणि हसता हसता तिला रडू आलं. काका खो-खो हसत होते. आईनं माळ्याचं दार लावून घेतलं, हात साबणानं धुतले आणि पाच कप चहाचं आधण ठेवलं.